जुन्या गाडीचे सांधे

यंत्र म्हातारें झालें म्हणजे त्याचें लोखंड आधीं झिजतें, असा सर्वसाधारण समज आहे. सिलिंडरांत दट्ट्या सारखा वरखालीं घासत असतो, दंतचक्रें एकमेकांस रगडीत असतात, आणि अग्नीशीं तर त्यांचा घरोबाच; तेव्हां वार्धक्यानें प्रथम तेथेंच शिरकाव करावा, असें कोणासहि वाटेल. परंतु जुन्या मोटारींशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो ते कारागीर निराळेंच सांगतात. ते म्हणतात, लोखंड टिकतें. जातो तो सांधा. हा सांधा म्हणजे लोखंडास लोखंड जखडणारा बोल्ट नव्हे. तारेला तार जोडणारी, अंगठ्याच्या पेराएवढी प्लॅस्टिकची डबी, तोच हा सांधा. गॅरेजांतील बोलींत तिला ‘कपलर’ म्हणतात. एखाद्या कोशकारास विचारलें तर तो तिला ‘विद्युत्संयोजक’ असें भारदस्त नांव देईल. पण ज्यांचा हात तिला रोज लागतो त्यांनीं दिलेलें नांवच आम्हांस अधिक पसंत आहे.

जोडणाऱ्या वस्तूंच्या वांट्यास उपेक्षा यावयाची, हा तर जगाचा नियमच दिसतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, तिला साहेब, सिंध व सुलतान अशीं तीन एंजिनें आणि चौदा डबे होते. एंजिनांचीं नांवें आजहि ठाण्याच्या शाळांतून मुलें पाठ म्हणतात; डब्यास डबा जोडणाऱ्या आंकड्यांची मात्र कोणीं विचारपूस केली नाहीं. ते आंकडे नसते तर तीं तिन्ही एंजिनें मोठ्या दिमाखानें ठाण्यास एकटींच पोंचलीं असतीं!

त्याच ठाण्यांत, स्टेशनाकडून कॅडबरीच्या चौकाकडे जातांना, खोपट म्हणून भाग लागतो. एस. टी. च्या स्थानकामुळें हें नांव परगांवच्या उतारूंसहि ठाऊक आहे. खोपट म्हणजे झोंपडी. आज तेथें अनेकमजली इमारती उभ्या आहेत. तथापि नांवाची लाज राखण्यापुरतीं पत्र्याचीं कांहीं छपरें अद्याप शिल्लक आहेत, आणि त्यांतील एका छपराखालीं आमच्या गाडीचे वैद्य बसतात. वय साठीच्या घरांत. आळींत सगळे त्यांस मिस्त्री म्हणतात, आम्हीहि तसेंच म्हणतों.

गाडी आमच्या तीर्थरूपांनीं निवृत्त झाल्यावर, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून घेतलेली. त्यास पंचवीस वर्षें झालीं. तीर्थरूप आज नाहींत. मातोश्री आहेत, आणि त्यांचें देवदर्शन, दवाखाना व माहेरचीं कार्यें या गाडीवांचून होत नाहींत. भाड्याची मोटार बोलावली तर पांच मिनिटांत दारांत उभी राहते. पण या गाडींत बसतांना धरावयाची मूठ कोठें आहे, हें मातोश्रींच्या हाताला अंधारांतहि ठाऊक असतें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. यंदाची तिसरी तपासणी महिन्यावर येऊन ठेपली असतां एंजिनाच्या डोक्याखालचें गॅस्केट फुटलें. दोन लोखंडी भागांमध्यें दाबून बसविलेला हा पातळ पत्रा. तो गेला म्हणजे एंजिन थंड ठेवणारें पाणी सिलिंडरांत शिरतें व गाडी मागून पांढरा धूर सोडूं लागते. घरांत दोन पक्ष पडले. चिरंजिवांचें म्हणणें, गाडी भंगारांत द्यावी. २०२१ सालापासून सरकारचें धोरणहि जुन्या गाड्या मोडींत काढण्यास उत्तेजन देणारें आहे. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणें हेंच आमच्या घरांत अखेरचें मत ठरत आलेलें आहे. गाडी खोपटास गेली.

एंजिनाचें डोकें उतरावयाचें म्हणजे त्यास बिलगलेल्या तारा प्रथम सोडवाव्या लागतात. चार इंजेक्टरांचे चार कपलर. पाण्याचें उष्णतामान मोजणाऱ्या सेन्सराचा एक. आंत येणाऱ्या हवेचा एक. हवेची झडप किती उघडली हें सांगणाऱ्याचा एक. असे करतां करतां चौदा भरले. मिस्त्रींनीं आधीं बॅटरीच्या ऋण टोंकाची तार काढली, प्रत्येक कपलराचें छायाचित्र मोबाइलवर घेतलें, पांढऱ्या चिकटपट्टीवर आंकडे लिहून त्या पट्ट्या तारांस गुंडाळल्या, आणि मग पहिल्या कपलराच्या खटक्यावर अंगठा ठेवला. जोर केला असें म्हणवत नाहीं. तरी वाळलेली शेंग फुटावी तसा बारीक आवाज झाला आणि खटका त्यांच्या तळहातावर येऊन पडला. दुसऱ्याचें तसेंच झालें. तिसरा सुखरूप सुटला. चौथ्याच्या पाठीस भेग गेली. चौदांपैकीं सहा मोडले.

‘मिस्त्री, सहा तुटले कीं हो!’ आम्ही म्हणालों.

‘आज नाहीं तुटले, साहेब. आंतून केव्हांच तुटलेले होते. आज फक्त आपल्याला कळलें.’

या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें आहे. कपलराचें घर बहुधा नायलॉनचें किंवा तत्सम प्लॅस्टिकचें असतें. नायलॉन हें अमेरिकेंत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानें १९३५ सालीं सिद्ध केलें. त्याचें बळ त्याच्या लांबच लांब रेणूंत आहे. सुताच्या लडीप्रमाणें ते एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तें दाबलें तर लवतें आणि सोडलें तर पुन्हां सरळ होतें. मोटारीच्या बॉनेटखालीं उष्णतामान शंभर अंशांच्या घरांत जातें. एवढ्यानें नायलॉन वितळत नाहीं. वितळावयास त्यास सुमारें २६० अंश लागतात. परंतु तापलेल्या हवेंतील प्राणवायु त्या लांब रेणूंचे हळूहळू तुकडे पाडीत असतो. तारांवरील मऊ वेष्टनाचीहि तीच गत. त्यास मऊपणा देणारें द्रव्य उडून जातें आणि तें काडीसारखें ताठ होतें. मोकळ्या रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीपेक्षां तीन हात नाक्यावर किंवा घोडबंदरच्या रस्त्यावर खोळंबलेल्या गाडीस हा ताप अधिक; कारण तेथें एंजिन पेटलेलें असतें आणि वारा मिळत नाहीं. ठाण्याच्या गाड्या धांवण्याच्या मानानें लवकर म्हाताऱ्या होतात, हें मिस्त्रींचें निदान आम्हांस पटतें.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण आपण अडेल माणसांस लावतों. कपलरास ती अक्षरशः लागू पडते. सत्त्व निघून गेलें तरी आकार जशाचा तसा. कोपरे रेखीव, खटका जागच्या जागीं, पाहणारास शंकाहि येऊं नये. आणि म्हणींचीच गोष्ट निघाली आहे तर दुसरीहि एक आठवते. ‘मोडेन पण वांकणार नाहीं’ हें ब्रीद आपल्याकडे लहानपणापासून कानीं पडतें. तलवारीच्या पात्यास तें शोभतहि असेल. खटक्याचा धर्म मात्र नेमका उलट आहे. त्यानें बसतांना किंचित् वांकावें, बसल्यावर सरळ होऊन घट्ट धरावें, आणि सोडविणारा आला म्हणजे पुन्हां वांकून वाट द्यावी. ज्या दिवशीं तो वांकेनासा होतो त्या दिवशीं त्याचा बाणा वाढला असें नव्हे, तर त्याचें आयुष्य सरलें असें समजावें.

मोडका खटका असूनहि कपलर जागेवर बसतो, गाडीहि चालते. मग एवढी काळजी कशास, असें कोणी विचारील. त्यास पाण्याचें उष्णतामान मोजणाऱ्या सेन्सराचें उदाहरण देतां येईल. पाणी जसजसें तापतें तसतसा त्या सेन्सरांतून विजेला होणारा अडथळा कमी होतो. अडथळा जास्त म्हणजे थंडी जास्त, असें एंजिनाचा संगणक धरून चालतो. आतां खटका मोडून कपलर सैल झाला, आंतल्या जिभा रस्त्याच्या हादऱ्यांनीं एकमेकींवर घासल्या व त्यांवर काट चढली, कीं तेथेंहि अडथळा उत्पन्न होतो. हा अडथळा सेन्सराचा कीं सांध्याचा, हें संगणकास ओळखतां येत नाहीं. वैशाखांत, ठाण्याच्या भर दुपारीं, त्यास वाटतें कीं आपण हिमालयांत आहों; आणि थंड एंजिनास जादा पेट्रोल लागतें म्हणून तो हात सैल सोडतो. मागें काळा धूर आणि पुढें रिकामी टांकी! सेन्सर निर्दोष, संगणक निर्दोष, एंजिन निर्दोष. आणि सर्वांचें मिळून वागणें मात्र वेड्यासारखें. घरोघरचे पुष्कळ गैरसमज याच जातीचे असतात. सांगणाराहि बरा, ऐकणाराहि बरा. मधला निरोप्या तेवढा ढिला.

ही थट्टेची बाजू झाली. दुसरी तितकी थट्टेची नाहीं. दोन वर्षांमागें नाशिकाहून परततांना, कसारा घाटांत, पावसांत, रात्रीं नऊच्या सुमारास आमची गाडी एका वळणावर एकाएकीं बंद पडली. धक्का नाहीं, आवाज नाहीं. दिवे जळत होते आणि एंजिन तेवढें निमालें. मातोश्री पुढें बसल्या होत्या. मागून मालाचे ट्रक उतरत होते, आणि प्रत्येकाच्या दिव्यांचा झोत आमच्या कांचेवरून सरकून जाईतों घरच्या मंडळींचा श्वास अडकत होता. पाऊण तासानें एक ट्रकचालक देवासारखा थांबला. त्यानें बॉनेट उघडून हात घातला, तों एंजिनाचा मुख्य दांडा कसा फिरतो आहे हें सांगणाऱ्या सेन्सराचा कपलर निसटलेला आढळला. ती वर्दी पोंचली नाहीं म्हणजे ठिणगी केव्हां पाडावी हें संगणकास कळत नाहीं, व तो एंजिन बंद करतो. त्या कपलराचा खटका पूर्वींच कोण्या एका गॅरेजांत मोडला होता. तो सुतळीनें आवळून, वर काळी पट्टी गुंडाळून, गाडी आमच्या स्वाधीन करण्यांत आली होती. उष्णतेनें पट्टीचा डिंक वितळला, तेलकट पाण्यानें सुतळी कुजली, आणि दोघींनीं मिळून कसाऱ्याचें वळण निवडलें. बिलांत सुतळीचा उल्लेख नव्हता. मोडलेल्या खटक्याचाहि नव्हता. मोडल्याबद्दल आमची तक्रार नाहीं. जुनी वस्तु हात लागतांच मोडावयाचीच. तक्रार आहे ती न सांगण्याची.

मिस्त्रींच्या छपराखालीं सुतळीस मज्जाव आहे. कपलर बदलण्याच्या तेथल्या रीति दोन. आंतल्या जिभा शाबूत असल्या तर घर तेवढें नवें आणावयाचें. सुईसारख्या बारीक पात्यानें प्रत्येक जिभेचा कांटा दाबून ती मागून ओढून काढावयाची, आणि नव्या घराच्या त्याच खणांत ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत सरकवावयाची. जिभाहि खराब झाल्या असल्या तर वीतभर तारांसकट नवा कपलर आणून तो जुन्या तारांस जोडावयाचा. ही दुसरी रीति दिसण्यास सोपी, पण कारागिराची परीक्षा तिच्यांतच होते. सर्व तारा एकाच जागीं कापल्या तर जोडांची गांठ जाड होते. म्हणून एक येथें, दुसरी दोन बोटें पलीकडे, अशा अंतरानें त्या कापाव्या लागतात. एक कापली कीं ती जोडून मगच दुसरीस हात लावावयाचा. नाहींतर तारांची अदलाबदल व्हावयाची. जोड डाख देऊन करावा कीं धातूची नळी चेपून करावा, याविषयीं कारागिरांत मतभेद आहे. डाख तारेच्या केंसांसारख्या तंतूंतून पुढें शोषला जातो, आणि जेथें तो संपतो तेथें ताठ व मऊ यांची सीमा पडून हादऱ्यानें तार तुटण्याचा संभव असतो. यास्तव मिस्त्री योग्य मापाची नळी योग्य पकडीनें चेपतात, तीवर उष्णतेनें आकसणारें वेष्टन चढवितात, आणि अखेरीस जोड हातानें ओढून पाहतात. ‘मीं ओढून नाहीं पाहिला, तर घाट ओढून पाहील,’ असें त्यांचें म्हणणें.

पण नवे कपलर मिळावयाचे कोठून? मोटारींचे कारखाने येतात व जातात. आमच्याच जिल्ह्यांत, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस, प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी तयार होऊं लागली. तो संसार थोड्याच वर्षांत आटोपला. ही प्रीमिअर कंपनी मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मुंबईकरांनीं काळीपिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्या वापरली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तिनें टॅक्सीच्या धंद्यांतून निरोप घेतला. पद्मिनीच्या बॉनेटखालीं तारा मोजक्याच होत्या. एखाद्या जोडावर काट चढली तर चालक ती घासून काढी व पुढें चालूं लागे. जुनें तें सोनें म्हणणारांनीं मात्र त्या टॅक्सीच्या मागें उभें राहून घेतलेला श्वासहि आठवावा. २००० सालाच्या आगेंमागें धुराचे नियम कडक झाले. पेट्रोल मोजूनमापून सोडणें प्राप्त झालें. मोजावयाचें म्हणून सेन्सर आले, आणि सेन्सरांमागून कपलर आले. थोड्याशा स्वच्छ हवेची किंमत आपण या चिमुकल्या डब्यांच्या रूपानें देत आहों, आणि ती महाग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

सुदैव एवढेंच कीं कपलर बहुधा मोटारीचा कारखाना स्वतः करीत नाहीं. बॉश, याझाकी, सुमितोमो यांसारख्या कंपन्यांनीं ठरविलेले नमुने अनेक जातींच्या गाड्यांतून सांपडतात. त्यामुळें एखादी गाडी निघण्याची बंद झाली तरी तिचा कपलर दुसऱ्या एखाद्या चालत्या गाडीच्या नांवानें मिळतो. आमच्या सहांपैकीं चार ठाण्यांतच मिळाले. दोहोंसाठीं मिस्त्रींचा हाताखालचा पोरगा कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारांत अर्धा दिवस फिरला. त्यास ताकीद होती कीं भंगारांतल्या गाडीचा काढलेला कपलर आणावयाचा नाहीं. तो दिसावयास कितीहि चांगला असला तरी वयानें आपल्याइतकाच असतो.

राहिले ते न मोडलेले आठ. नव्याची एकदां गोडी लागली म्हणजे सगळेंच नवें करावेंसें वाटतें. आम्ही तसें सुचविलें, तेव्हां मिस्त्रींनीं आठांपैकीं तीन वेगळे काढले. तापलेल्या धुराच्या नळीशेजारीं असल्यामुळें ते पुढच्या वेळीं खात्रीनें मोडणार होते. बाकीच्या पांचांकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘हे थंड बाजूचे. अजून वांकतात. बसलेल्याला उगाच उठवूं नये.’ मग त्यांनीं वहीच्या एका पानावर चौदा आंकडे लिहिले. नवांपुढें बदलल्याची तारीख घातली. पांचांपुढें लिहिलें, ‘जुना, सांभाळून.’ पुढें ज्याच्या हातीं गाडी जाईल त्याच्यासाठीं ही चिठी. सुतळीच्या कारभारांत आणि या कारभारांत काय अंतर आहे, हें त्या एका कागदावरून समजावें.

बिल आलें तेव्हां घरांत पुन्हां दोन पक्ष पडले. गॅस्केटचा खर्च ठरलेलाच होता. पण नऊ कपलरांचें सामान साडेतेराशें रुपयांचें आणि त्यांची मजुरी चार हजार! ‘दीडशें रुपयांच्या प्लॅस्टिकला साडेचारशें रुपये मजुरी?’ असें चिरंजीव म्हणाले. हा प्रश्न केवळ आमच्या चिरंजिवांचा नाहीं. आपल्या सुशिक्षित वर्गांत तो नित्य ऐकूं येतो. वैद्यास आपण पुडीच्या वजनावर पैसे देत नाहीं. वकिलास कागदाच्या किंमतीवर देत नाहीं. हात काळे झालेल्या मनुष्यास मात्र आपण मालाच्या तागडींत तोलूं पाहतों. नवा भाग बसविला तर तो हातांत धरून दाखवितां येतो, म्हणून त्याचे पैसे आपण निमूटपणें मोजतों. सांधा दिसत नाहीं, म्हणून त्याची मजुरी आपल्यास लबाडी वाटते. मिस्त्रींचे दोन दिवस त्या नऊ डब्यांत गेले होते. ते दोन दिवस कोणीहि देणार नसेल तर कारागिरानें काय करावें? त्यानें सुतळी बांधावी. सुतळी हा कारागिराचा दुर्गुण खरा. पण तो दुर्गुण पोसला जातो मालकांच्या हिशेबावर. आम्हीं सर्व पैसे दिले व चिठीबद्दल मिस्त्रींचे आभार मानले. आभार मानल्यानें ते थोडेसे गोंधळले. त्या गोष्टीची त्यांस फारशी संवय नसावी.

तपासणी सुरळीत पार पडली आणि नोंदणी पांच वर्षांनीं वाढली. मातोश्रींनीं मिस्त्रींची चिठी वाचावयास मागितली. चष्मा लावून त्यांनीं चौदाहि ओळी वाचल्या, घडी करून ती नोंदणीच्या कागदांत ठेवली, आणि मूठ धरून पुढच्या आसनावर बसल्या. त्यांच्या बाजूचें दार चिरंजिवांनीं लावलें. नेहमीं आपटून लावतात, त्या दिवशीं हातानें दाबून लावलें.